सामायिक सांडपाणी केंद्राचं जुनं विजेचं सामान बदलताना: पैशांपासून शटडाउनपर्यंतच्या नोंदी

दिवसाला २४ दशलक्ष लिटर सांडपाण्याचं केंद्र आहे, तीन भागीदारांनी मिळून बांधलेलं. वय २६ वर्षं. भागीदारांची नावं देत नाही. थोरला, मधला, धाकटा एवढं पुरे. विजेची देखभाल माझ्याकडे आहे.

खर्च चलनात लिहिलेला नाही. शेवटी मंजूर झालेली रक्कम १०० धरली आणि बाकीचे आकडे शेवटच्या दरांनुसार त्या हिशोबात बसवले. दुसऱ्या ठिकाणी हेच काम करणाऱ्याला आमच्या किमतींपेक्षा ही प्रमाणं जास्त उपयोगी पडतील.

९ जानेवारी

रात्री २:१० ला बाहेरचा पुरवठा काही सेकंद जाऊन परत आला. इनकमर ब्रेकर, म्हणजे बाहेरची वीज आत घेणारा मुख्य स्विच, पडला तो पुन्हा लागेना. स्प्रिंग चार्ज होत होती, पण बटण दाबलं की नुसतं 'टक'. जनरेटर आपोआप सुरू झाला. त्याची वीजही याच ब्रेकरमधून आत येते, त्यामुळे तो बाहेर ऐटीत धडधडत राहिला आणि आत अंधार. दुसरा इनकमर आहे, पण त्याचे सुटे भाग आम्हीच गेल्या वर्षी काढून पहिल्यात घातलेत. कागदावर दोन, प्रत्यक्षात एक.

ब्रेकर बाहेर ओढला. यंत्रणेतलं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं. साफ केलं, तेल सोडलं, चार-पाच वेळा हाताने चालवला. २:५७ ला लागला.

संपाची, म्हणजे आलेलं सांडपाणी पंपांनी उचलण्याआधी जिथे जमतं त्या टाकीची, वापरण्याजोगी साठवण ३०० घनमीटर. रात्रीची आवक तासाला ७०० च्या आसपास. २६ व्या मिनिटाला संप भरला, पुढची २१ मिनिटं कच्चं सांडपाणी नाल्यात गेलं. साधारण २४५ घनमीटर. हा आकडा पुढे फार कामाला आला, तेव्हा मात्र तो लिहिताना हात जड झाला होता.

२२ जानेवारी

दोन आठवडे यादी करण्यात गेले. इनकमर, बस कपलर (दोन्ही इनकमरच्या बाजू जोडणारा ब्रेकर), पंपांचं पॅनेल, ब्लोअरचं (टाकीत हवा सोडणाऱ्या यंत्रांचं) पॅनेल, स्टार्टर, रिले, केबल, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, बॅटऱ्या. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहिल्या: बनवणाऱ्याकडे सुटा भाग मिळतो का, शेवटचा बिघाड कधी, आणि हे बंद पडलं तर काय थांबतं. तिसरा रकाना मी जवळजवळ विसरलोच होतो. ऑपरेटरने आठवण केली.

ब्रेकरचे भाग बनवणं बंद झालंय. जुन्या खोक्यात नवा ब्रेकर बसवण्याचा सांधा मिळतो, म्हणजे संपूर्ण पॅनेल न बदलता फक्त ब्रेकर बदलता येतो. हा स्वस्त मार्ग मी बरेच दिवस मनात धरून होतो. का सोडला ते पुढे.

४ फेब्रुवारी — चूक क्रमांक एक

थर्मल कॅमेरा एका दिवसासाठी भाड्याने आणला. रविवारी पहाटे तपासणी केली, कारण तेव्हा गडबड नसते. सगळे सांधे थंड. सर्वांत गरम सांधा शेजारच्या फेजपेक्षा फक्त ४ अंशांनी वर. मी तो अहवाल सगळ्यांना पाठवून दिला.

पाठवल्यावर डोक्यात प्रकाश पडला. त्या वेळी लोड होता फेजला १४० अँपिअर. भरल्या वेळी ५२० असतो. सांध्यात तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास १४ पट. मी तापाच्या रोग्याला औषध दिल्यावर थर्मामीटर लावला होता.

१९ फेब्रुवारी

तपासणी पुन्हा, सकाळी ९ वाजता, सगळे ब्लोअर आणि तीन पंप चालू असताना. तोच सांधा ४१ अंशांनी वर. आणखी तीन ठिकाणं सापडली. कॅमेऱ्याचं भाडं दुप्पट झालं ते झालंच, त्याहून वाईट म्हणजे 'सगळं ठीक' म्हणणारा माझा पहिला अहवाल आधीच फिरत होता. तो पुढच्या दोन बैठकांमध्ये मलाच दाखवला गेला.

पॅनेलची मागची पत्रं काढली तेव्हा तांब्याचे बसबार (पॅनेलभर वीज नेणाऱ्या जाड पट्ट्या) काळेकुट्ट दिसले. कॉन्टॅक्टरच्या चांदीच्या टोकांवर काळी बुरशी उगवल्यासारखी लव. हे हायड्रोजन सल्फाइडचं काम. आमची पॅनेलची खोली इनलेटला, म्हणजे सांडपाणी आत येतं त्या जागेला, खेटून आहे, आणि केबलचा चर थेट इनलेटच्या चॅनेलपर्यंत जातो. पाइपांची तोंडं २६ वर्षं उघडी. म्हणजे आम्ही गटाराचा वास पाइपाने आणून विजेच्या खोलीत सोडत होतो.

खोलीत तांब्याची पट्टी ३० दिवसांसाठी टांगली.

ब्रेकर-बदलाचा स्वस्त मार्ग इथेच गळाला. नवा ब्रेकर त्याच काळ्या बसबारवर बसवून काय मिळवणार?

३ मार्च — पहिली बैठक

फसली. मी वीस मिनिटं 'जुनं झालंय' हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. मधल्याच्या प्रतिनिधींनी शांतपणे विचारलं, "पण चालतंय ना?" थोरल्याचे म्हणाले, "साहेब, जुनं म्हणाल तर आमच्याकडे याहून जुनं पडलंय." धाकट्याच्या बाईंनी रविवारचा थर्मल अहवाल पुढे केला. संपलं.

वय हे कारण नव्हेच, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं, पण उत्तर हाताशी नव्हतं.

२१ मार्च

पट्टीचा निकाल आला: तांब्यावर १४०० अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे एक) गंजाचा थर. हवा किती गंजवते ते ठरवणाऱ्या आयएसए ७१.०४ या मानकाच्या वर्गवारीत ३० दिवसांत ३०० च्या खाली म्हणजे जी१, १००० च्या खाली जी२, २००० च्या खाली जी३. आम्ही जी३ मध्ये. तिथे इलेक्ट्रॉनिक्स बसवणं म्हणजे ते मरायला ठेवणं.

याच आठवड्यात ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचे निकाल आले. मी दोन्ही ट्रान्सफॉर्मर बदलायच्या यादीत घातले होते. तेलात विरघळलेले वायू तपासले: ठिणगीची खूण म्हणजे अ‍ॅसिटिलीन, ते नाही. आतल्या कागदाच्या झिजेची खूण म्हणजे फ्युरान, ते नगण्य. आर्द्रता थोडी जास्त, तेल गाळून घेतलं की झालं. दोन्ही यादीतून काढले. काहींना वाटलं मी कच खाल्ली, पण समितीने माझ्या यादीवर विश्वास ठेवायला सुरुवात केली ती यानंतर. सगळंच खराब आहे म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

मोटरींचंही तसंच. मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) १ मिनिट आणि १० मिनिटांची वाचनं घेऊन गुणोत्तर काढलं; जास्त म्हणजे चांगलं. ११ पैकी ८ मोटरींचं २ च्या वर, त्या राहू दिल्या. तीन बदलायच्या.

८ एप्रिल — दुसरी बैठक

या वेळी एकच पान नेलं. वर लिहिलं: इनकमर पडला तर किती मिनिटं आहेत?

सरासरी आवक तासाला १००० घनमीटर, संप ३००: १८ मिनिटं. भर पावसात आवक २२५०: ८ मिनिटं. जानेवारीत ब्रेकर दुरुस्त करायला लागली ४७. खाली तिघांच्या वाहिन्या कुठे आणि कोणत्या क्रमाने तुंबतील त्याचा नकाशा. मधल्याची वाहिनी सर्वांत खोल, म्हणून पाणी आधी त्याच्याकडे मागे चढतं.

दुसरी गोष्ट शॉर्ट सर्किटची. ट्रान्सफॉर्मर १००० केव्हीए, ४१५ व्होल्ट, ५ टक्के इम्पिडन्स (आतला अडथळा). एकाचा पूर्ण भार १३९१ अँपिअर, म्हणजे बाहेरच्या पुरवठ्याचा रोध सोडून दिला तर फॉल्टचा प्रवाह २७.८ किलोअँपिअर. पॅनेल ३५ पर्यंत सोसतं असं त्यावर लिहिलंय. ठीक. पण जुन्या लॉगबुकात दिसलं की पुरवठा एकाकडून दुसऱ्याकडे नेताना ऑपरेटर दोन्ही इनकमर आणि कपलर काही मिनिटं एकत्र लावून ठेवायचे, वीज जाऊ नये म्हणून. तेव्हा आकडा होतो ५५.६. त्या मिनिटांत फॉल्ट झाला असता तर पॅनेलसमोरच्या माणसाचं काय झालं असतं हे मी सांगितलं नाही, सांगायची गरज पडली नाही. तीन कुलपांना दोनच किल्ल्या, म्हणजे तिन्ही ब्रेकर एकदम लावताच येऊ नयेत, हा उपाय त्याच आठवड्यात केला. खर्च नगण्य.

गरज तिघांनी मान्य केली. मग घोडं अडलं ते वाट्यावर.

२८ एप्रिल

करारनामा पुन्हा वाचला, या वेळी सगळा. रोजचा खर्च मोजलेल्या प्रवाहावर वाटायचा: थोरला ६२ टक्के, मधला २७, धाकटा ११. विस्ताराचा खर्च राखून ठेवलेल्या क्षमतेवर: ५०, ३०, २०. जुनं काढून नवं बसवण्याबद्दल एक ओळ नाही.

पुढचं आपोआप झालं. थोरला म्हणाला हा भांडवली खर्च, ५० टक्के देतो. धाकटा म्हणाला ही देखभाल, ११ टक्के देतो. मधल्याला २७ परवडत होते, तो धाकट्याच्या बाजूला. प्रत्येकाचं म्हणणं करारात बसत होतं.

दुसरं काय सापडलं तर सामान बदलण्यासाठीचा निधी रिकामा का. मालमत्ता नोंदवहीत अख्खं केंद्र ही एकच वस्तू, आयुष्य ४० वर्षं. टाकीचं काँक्रीट आणि कॉन्टॅक्टर यांचं वय एकच धरलेलं. दरवर्षी चाळीसावा भाग बाजूला, तोही मूळ किमतीचा. म्हणजे २६ वर्षांनी विजेच्या सामानासाठी जुन्या किमतीच्या ६५ टक्के जमा, आणि मधल्या काळात दर कमी ठेवायला त्यातलेही उचललेले. शिल्लक आमच्या १०० पैकी २१.

१६ मे — चूक क्रमांक दोन, सर्वांत महागडी

एका वित्तसंस्थेकडे वाचलेल्या विजेतून फेडायचं कर्ज मिळतं असं कळलं. मी ड्राइव्ह (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवल्यावर होणारी बचत काढली: वेग ८० टक्के केला की वीज वेगाच्या घनाने घटते, ०.८ चा घन ०.५१, म्हणजे निम्मी बचत. सगळं मिळून ३४ टक्के. सगळे खूश. अर्ज गेला.

त्यांच्या तांत्रिक माणसाने दोन प्रश्न विचारले आणि अर्ज परत आला. आमचे ब्लोअर लोबचे आहेत; फेरीला ठराविक हवा ढकलतात, त्यामुळे दाब तोच राहिला तर वीज साधारण वेगाच्या प्रमाणात घटते, घनाने नाही. घनाचा नियम सेंट्रिफ्यूगल यंत्रांचा. आणि पंप? सेंट्रिफ्यूगल आहेत खरे, पण एकूण १२ मीटर हेडपैकी (पंपाने द्यायच्या दाबापैकी) ९ मीटर नुसती उंची आहे. वेग ८० टक्क्यांवर आणला तर पाणी जेमतेम वर चढेल.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आकडा आवडला म्हणून तपासला नाही.

नव्याने गणित: बचत ९ टक्के, तीही मुख्यतः हवेच्या टाकीतल्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर ब्लोअरचा वेग बांधला तर. अशा केंद्रात निम्म्याच्या आसपास वीज हवेवरच जाते, म्हणून ९ टक्केही कमी नाहीत. कर्ज मिळालं, पण अपेक्षा होती ४०, मिळाले १२. सहा आठवडे गेले आणि वर पत गेली.

२० जून

वाट्याचं भिजत घोंगडं. एका बैठकीत दोन तास झाले आणि निष्पन्न शून्य. शेवटी मी म्हटलं, सामानाला विचारू या ते कोणासाठी आहे. पंपाचं पॅनेल कशावरून एवढं मोठं आहे? सरासरी प्रवाहावरून नाही, पावसातल्या कमाल प्रवाहावरून. ब्लोअरचं? पाण्याच्या लिटरवर नाही, त्यातल्या घाणीवर, म्हणजे बीओडीच्या (घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) किलोंवर. मुख्य पॅनेल? सगळ्यांनी राखून ठेवलेल्या क्षमतेवर.

तिघांच्या वाहिन्यांच्या तोंडावर मापन लावायचं ठरलं. २१ दिवस, २४ तासांचे मिश्र नमुने, खर्च तिघांत सारखा.

२६ जुलै

मापनात वेळ गेला तो मधल्याच्या मीटरपायी. इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटरला पाइप पूर्ण भरलेला लागतो. त्याचा पाइप निम्मा दिवस अर्धाच वाहतो. आकडे नाचत होते. त्याच्या चॅनेलमध्ये तात्पुरता पार्शल फ्लूम (प्रवाह मोजायची ठराविक आकाराची नाळ) बसवला, वर पातळी मोजणारा अल्ट्रासॉनिक. नऊ दिवस वाया, नमुने पुन्हा.

निकाल: कमाल प्रवाहात थोरला ४५, मधला ४१, धाकटा १४ टक्के. मधल्याच्या वाहिन्या पावसाचं पाणी गाळणीसारख्या आत घेतात हे सगळ्यांना माहीत होतं, आता आकडा मिळाला. बीओडीत थोरला ५५, मधला २१, धाकटा २४. धाकट्याकडे पाणी थोडं पण कारखान्यांचं, दाट. ११ टक्के पाण्यात २४ टक्के घाण, हे ऐकून त्या बाईंनी नमुन्याची बाटली परत तपासायला लावली. दुसऱ्यांदा २५ आले. मग त्या २४ वर राजी झाल्या.

१४ ऑगस्ट — अंदाजपत्रक, दुसऱ्यांदा

फेब्रुवारीतला माझा अंदाज ५८ होता: मुख्य पॅनेल २४, पंप १८, ब्लोअर १६. त्यात फक्त पॅनेल, स्टार्टर आणि ड्राइव्ह होते. राहिलेलं:

केबल, १७. मी धरलंच नव्हतं. जुन्या केबलचं इन्सुलेशन वाकवलं की तडकत होतं. नव्या पॅनेलला जुनी केबल जोडायचा विचार तिथेच संपला.

तीन मोटरी, मोटरीच्या मागच्या टोकाला इन्सुलेटेड बेअरिंग आणि लांब केबलसाठी फिल्टर, मिळून ९. जुनी मोटर सरळ ड्राइव्हवर टाकली की वाइंडिंग आणि बेअरिंग दोन्ही जाऊ शकतात.

तात्पुरता पुरवठा आणि बायपास पंप, ७. खोली वायूपासून बंद करणं, कार्बन फिल्टरमधून हवा आत ढकलणं, ४. अकल्पित खर्च, ५. मी १० मागितले होते.

एकूण १००. म्हणजे मुख्य पॅनेल केबलसकट ३०, पंप २८, ब्लोअर २६, सामायिक १६.

वाटे: मुख्य आणि सामायिक ४६ राखीव क्षमतेवर, २८ कमाल प्रवाहावर, २६ बीओडीवर. बेरीज झाली: थोरला ४९.९, मधला ३०.७, धाकटा १९.४.

खोलीत दोन मिनिटं शांतता. मग थोरल्याचे प्रतिनिधी हसायला लागले. करारातल्या ५०, ३०, २० पासून एक टक्काही हललं नव्हतं. साडेतीन महिने, एक फ्लूम आणि शंभरावर बाटल्या. पण एप्रिलमध्ये कोणी सही केली नसती, आणि त्या दिवशी तिघांनी केली. धाकट्याने एक अट घातली: दर तीन वर्षांनी बीओडी पुन्हा मोजायचा, कारखान्यांकडून घाण कमी करून घेतली तर वाटा कमी व्हावा. रास्त आहे.

३० ऑगस्ट

सही झाली आणि नवीन पेच. निधीतले २१ कोणाचे? ते वर्षानुवर्षं प्रवाहाच्या प्रमाणात जमलेले, म्हणजे १३.०, ५.७, २.३. ते ज्याच्या त्याच्या वाट्यातून वजा केल्यावर नवे पैसे द्यायचे: थोरला ३६.९, मधला २५.१, धाकटा १७.१ (दशांशाची ओढाताण सोडा). थोरल्याकडे रोख, मधला स्वतःचं कर्ज काढणार, धाकट्याला एवढं एका वर्षात शक्य नाही. तोड अशी: बचतीवरचं १२ चं कर्ज केंद्राच्या नावावर, पण धाकट्याच्या वाट्यात धरायचं, हप्ते त्याच्या मासिक बिलात. उरले ५.१, ते दोन वर्षांत.

हे लेखापालाने सुचवलं. त्यांना मी फेब्रुवारीतच बरोबर घ्यायला हवं होतं.

६ ऑक्टोबर

ऑर्डर गेली. त्याआधी दरपत्रकांची ९० दिवसांची मुदत संपून गेली होती, पुन्हा मागवली, दोघांनी दर वाढवले. भांडणाची किंमत अशीही भरावी लागते. पॅनेल आयईसी ६१४३९ प्रमाणे, बसबारला कथलाचा मुलामा, ड्राइव्हच्या कार्डांवर संरक्षक लेप, फॉल्ट क्षमता ५० किलोअँपिअर. किल्ल्यांची व्यवस्था तशीच ठेवली, कारण दोन्ही एकत्र आले तर ५० ही पुरत नाही. मुदत ३० आठवडे.

मधल्या काळात केबलच्या चरातल्या पाइपांची तोंडं बंद केली. दोन माणसं, चार दिवस. अख्ख्या प्रकल्पातलं सर्वांत स्वस्त काम, जे कधीही करता आलं असतं.

दुसरं वर्ष, १७ मार्च

कारखान्यात तपासणीला गेलो. पंपाच्या पॅनेलमध्ये बसबारला मुलामा, पण ब्रेकरपासून खाली जाणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या कोऱ्या. आमच्या कागदात 'बसबार' एवढंच लिहिलेलं, त्यांचं बरोबर. वाद घातला नाही, जास्तीचे पैसेही त्यांनी मागितले नाहीत, दोन आठवडे मात्र गेले. कागदात 'सर्व तांबं' असं लिहा.

२४ मे

पंपाचं पॅनेल. पावसाआधी व्हायलाच हवं होतं. रात्री १ ते ५, बायपासला दोन डिझेल पंप, तात्पुरतं पॅनेल.

नवं पॅनेल जुन्यापेक्षा बुटकं, आणि कंट्रोल केबल आम्ही जुन्याच ठेवल्या होत्या. ४० सेंटीमीटर कमी पडल्या. मधे टर्मिनलची पेटी बसवून जोडल्या. तीन रात्री जास्त, खर्च १.२.

पुढच्या रात्री याहून वाईट. पंप चालू केला, अँपिअर ठीक, आवाज थोडा वेगळा, पण संप चढतच राहिला. २५ मिनिटं आम्ही झडप अडकली समजून झडपेशी झुंजत होतो. पंप उलटा फिरत होता. तात्पुरत्या पॅनेलवर फेजचा क्रम बदलला होता, आणि बुडालेला पंप कोणत्या बाजूने फिरतो ते वरून दिसत नाही. डिझेल पंप होते म्हणून वाहिलं नाही. फेज-क्रमाचं मीटर माझ्या खिशातच होतं. आता नियम: जुनं सोडण्याआधी क्रम लिहायचा, नवं जोडल्यावर पुन्हा, आणि लिहिणारा माणूस जोडणाऱ्यापेक्षा वेगळा.

१५ जून

मुख्य पॅनेल बदललं. प्रत्यक्ष काम तीन दिवसांचं, पण एका जास्तीच्या आठवड्याचं जनरेटर भाडं १.१, कारण पाऊस लवकर आला आणि चरात गुडघाभर पाणी. बाकी सुरळीत. जुना इनकमर बाहेर काढताना कोणी तरी त्याला नमस्कार केला.

९ जुलै

ब्लोअरचं पॅनेल आणि ड्राइव्ह सुरू होऊन दोन आठवडे झाले, कपॅसिटरचे फ्यूज उडायला लागले. एकामागून एक, नेहमी रात्री. ड्राइव्हमुळे पाचवा आणि सातवा हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पाचपट, सातपट वारंवारतेचा प्रवाह) येतो, आणि जुना कपॅसिटर संच ट्रान्सफॉर्मरशी जुळून नेमका तिथेच घुमायला लागतो. ७ टक्क्यांचे रिअ‍ॅक्टर लावले, म्हणजे ५० हर्ट्झवर जुळणीची वारंवारता १८९ वर येते, पाचव्याच्या २५० पासून खाली सुरक्षित. खर्च २.१. हे अंदाजपत्रकात असायला हवं होतं. कपॅसिटर 'चालू आहेत' म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

अकल्पितचे ५ होते, ४.४ गेले.

२ सप्टेंबर

वायूपासून बंद केलेल्या खोलीतली नवी पट्टी: ३० दिवसांत २१० अँगस्ट्रॉम. जी१. थर्मल तपासणी भर लोडवर केली, सांध्यांत फरक ३ अंशांच्या आत. विजेचा वापर दोन महिन्यांत ७ टक्क्यांनी कमी, कर्जदात्याला सांगितलेल्या ९ च्या खाली. ऑक्सिजनच्या एका सेन्सरवर शेवाळ चढतं, तो चुकीचं वाचतो आणि ब्लोअर उगाच पळतो; दर मंगळवारी पुसायचं ठरवलंय, आकडा पुढच्या तिमाहीत बघू.

नोंदवहीत विजेचं सामान आता वेगळं: पॅनेल २५ वर्षं, ड्राइव्ह १२, बॅटऱ्या ५. वार्षिक रक्कम आजच्या बदली किमतीवर, वाटे नव्या सूत्राने. पहिली जमा थोरल्याची आणि धाकट्याची आली. मधल्याची फाइल अजून त्यांच्या लेखा विभागात आहे, सोमवारी पुन्हा फोन करायचा.

जुन्या दोन्ही इनकमरपैकी एक स्टोअरमध्ये ठेवलाय, नव्या ऑपरेटरांना ग्रीस कसं सुकतं ते दाखवायला.